समाजमंदिराच्या ओट्यावरचा बाक

मी एक जुना बाक आहे. निमोण्याच्या समाजमंदिराच्या ओट्यावर माझी जागा आहे. मित्रांनो, आधी मी दौंडच्या रेल्वे यार्डात रुळांखालचा सागवानी स्लीपर होतो. पुढे सिमेंटचे स्लीपर आले आणि आम्हा लाकडांचा लिलाव झाला. तिथल्या एका गँगमनने मला घेऊन गावी आणले आणि सुताराकडून माझा बाक करवला. खिळ्यांची भोके अजून माझ्या अंगावर आहेत.

त्या गँगमनचा मुलगा म्हणजे बबनराव. ते सरपंच झाले, तेव्हा बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून भांडणारे त्यांच्याकडे येत. बबनराव दोघांनाही माझ्यावर शेजारी बसवत, स्वतः उभे राहत.

"एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मधी तोंड घालायचं न्हाई."

सुरुवातीला काही बागायतदार आमच्या दलित वस्तीतल्या या ओट्यावर चढायला कचरत. भांडण खरेच मिटते म्हटल्यावर तेही आले. काय दिवस होते ते! मी कधी रिकामा नसे.

पुढे बबनराव आमदार झाले, मग विधानसभेचे अध्यक्ष. सत्काराला गावी आले, तेव्हा ओट्यासमोरच्या मांडवात त्यांच्यासाठी लाल सोफा होता. मला भिंतीला सरकवून माझ्यावर हारांच्या पाट्या ठेवल्या होत्या.

इतक्यात वस्तीवरची ललिता पुढे आली. वस्तीच्या नळाचा पाइप बागायतदार हौसराव आप्पांच्या उसातून जायचा होता आणि आप्पा जाऊ देत नव्हते.

"मामा, आमच्या नळाचं विधानसभेत कवा बोलणार?"

"ललिता, अध्यक्षाला तिथं प्रश्न मांडता येत न्हाई. दुसऱ्यांना बोलू द्यायचं, हेच माझं काम."

"घ्या!" आप्पा म्हणाले. "एवढा मोठा झाला, आन् बोलतीच बंद!"

सारा मांडव हसला.

ललिता मात्र हसली नाही. तिने पाट्या खाली ठेवल्या, मला पुढे ओढले आणि एका टोकाला बसली. "या आप्पा, बसा."

आप्पा घुटमळले. पण सगळे गाव बघत होते. ते बसले.

वस्तीवरच्या पोरी पाण्यासाठी शाळा बुडवतात, हे ललिताने शांतपणे सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "व्हय, पर माझा ऊस तुडवला जाईल, त्याचं काय?"

बबनराव सोफ्यावरून उठले. "आप्पा, त्याचं मी बघतो..."

"मामा," ललिता म्हणाली, "तुमची पाळी न्हाई."

अध्यक्ष पूर्वीसारखे माझ्या शेजारी उभे राहिले. चेहरा उजळला होता.

आप्पा मिशीत हसले. "बांधाच्या कडंनं न्या पाइप. उसात पाय टाकला तर बघा!"

नळ आला. सोफा मांडववाल्याने सत्काराच्याच दिवशी परत नेला होता.

मित्रांनो, आता माझा एक पाय डुगडुगतो. रंग दिला नाहीत तरी चालेल, एखादा खिळा मात्र ठोका. आणि मला अडगळ समजू नका. भांडलात, तर दोघेही या. कुणी एकटाच बसला, तर मी कलतो. दोन्ही टोकांना वजन पडले, की अजून सरळ उभा राहतो.