टोरोंटोहून सोळा तास

मी एक जुनी शीतपेटी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. माणूस गेलं की मातीला नेईपर्यंत त्याला माझ्यात ठेवतात. भाईंदरच्या एका कारखान्यात पत्रा, काच आणि फ्रिजचं यंत्र जोडून मला बनवलं. वसईतल्या आमच्या गावाने वर्गणी काढून मला आणलं, तेव्हा फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं.

पूर्वी इथे सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी मातीत असायचं. आता घरटी एक पोर परदेशात. मयताच्या घरी रडण्याआधी विचारतात, "विमानाला किती तास?" पेटी आहे म्हणून शेवटचं तोंड दिसतं, असं माझं कौतुक व्हायचं. एका पैसेवाल्याने माझ्यावर बापाच्या नावाची पितळी पाटी ठोकली. झाकणाचं रबर उंदरांनी खाल्लं, ते बदलायला मात्र कुणाला सवड नाही. एरवी मी चर्चमागच्या शेडमध्ये मोडक्या बाकांखाली पडून.

गेल्या मे महिन्यात, गुरुवारी, क्लेमेंटीनबाई गेल्या. त्यांचे यजमान आलोशियस मास्तर. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेले. मुलगा स्टॅनी टोरोंटोला. सात वर्षं 'येत्या नाताळला नक्की' म्हणत होता. आता फोनवर रडला, "पप्पा, शुक्रवारी दुपारी बाराचं विमान. मी आल्याशिवाय आईला नेऊ नका."

मास्तरांनी मोबाईलवर पाहिलं : साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. बोटांवर मोजलं. "पहाटे चारला उतरतो. शनिवारी दहाची मातीची मिस्सा ठेवा, फादर. प्रार्थना झाली की लगेच नेऊ."

शनिवारी सात वाजले तरी स्टॅनीचा पत्ता नाही. मुलगी टिफनी एकदम ओरडली, "पप्पा, ते बारा तिकडचे! आपलं घड्याळ साडेनऊ तास पुढे. दादा दुपारी दीडला उतरेल!"

मास्तरांनी पुन्हा बोटांवर मोजलं. "याच चुकीला पोरांना छड्या मारल्या मी."

मिस्सा पाचवर ढकलली. मी माझं काम कुठे ढकलणार? तो उकाडा, त्यात कुरतडलेलं रबर. अकराला माझं यंत्र घरघरलं आणि बंद पडलं.

"बाहेर पितळ चकचकीत, आत बोंब," शेजारची हंसा म्हणाली. खरंच बोलली.

गल्लीतल्या रॉकीने कोळीवाड्यातून बर्फाच्या लाद्या आणून माझ्यात रचल्या. कुणीतरी कुजबुजलं, "बाईंना मासळीच्या बर्फात?"

"मग तुझ्या एसीत ठेवू?" रॉकी खेकसला.

तीनपर्यंत बर्फाचं पाणी झालं. फादर हळूच म्हणाले, "मास्तर, आता थांबवत नाही." तेवढ्यात फोन वाजला. स्टॅनी हायवेवर, खाडीच्या पुलावर अडकला होता. "पप्पा, फक्त एक तास थांबा!"

मास्तर माझ्या काचेकडे बघत राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "तुझी आई सात वर्षं थांबली रे." मग खांदेकऱ्यांकडे वळले. "उचला."

स्टॅनी साडेचारला आला. अंगणात मी उघडी पडले होते. त्याने खाली बसून माझ्यात हात घातला; हाताला नुसतं पाणी लागलं. टिफनीने त्याला उठवलं. "चल दादा. कबरीवर फुलं तरी ठेव."

त्या दिवसापासून मी पुन्हा शेडमध्ये आहे, तशीच बिघडलेली. मित्रांनो, माझं रबर बदला. वर्षातून एकदा यंत्र उघडून बघा. पाट्या नंतर ठोका. आणि तुमचे आईबाप म्हातारे झाले, की विमानाचे तास तेव्हाच मोजा. मी कितीही धडधाकट असले तरी माझ्यात फक्त गेलेलं माणूस थांबवता येतं. वाट बघणारं माणूस ठेवायला कुठल्याही कारखान्यात पेटी बनत नाही.