पंढरीनाथाचं पान

पानावर उतरलेला कावळा छत्रीने हाकलणारा माणूस तारामतीबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तो निघावा त्यांचाच सख्खा दीर! पुण्याला श्राद्धाच्या दिवशी गच्चीवर 'काव काव' करून घसे बसतात, तरी एक कावळा फिरकत नाही. इथे योकोहामाच्या टेकडीवर, देवळामागच्या दफनभूमीत, केळीचं पान मांडायचा अवकाश, कोंबडीएवढा काळाभोर कावळा भिंतीवरून आपणहून खाली आला होता. आणि हेमचंद्रांनी छत्री उगारली.

"भावजी, काय केलंत हे?"

"वहिनी, पाटी आहे ना तिथे! खाण्याचं ठेवू नका, कावळे येतात."

"कावळे यावेत म्हणूनच ठेवलंय. वडे काय कबुतरांसाठी तळले मी?"

पान होतं पंढरीनाथाचं. तारामतीबाईंच्या सासऱ्यांचा हा काका शंभर वर्षांमागे काचकाम शिकायला बोटीने जपानला आला, कंदिलाच्या काचा फुंकायला लागला आणि हारु नावाच्या जपानी बाईशी लग्न करून इथलाच झाला. घरी खबर पोचली तशी थोरल्या भावाने, म्हणजे सासऱ्यांच्या वडिलांनी, त्याचं घटश्राद्ध घातलं. माणूस तिकडे जिताजागता, आणि इकडे पाण्याचा घट लवंडून तो मेला म्हणून सोडून दिला. पुढे घरात त्याचं नाव निघालं नाही. सासूबाईंनी एकदाच, पुरण वाटताना, दार लोटून सांगितलं होतं. तारामतीबाई शाळेत चौथीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण ऐकलेलं विसरत नसत.

म्हणून मुलाला, अंबरीषला, इथल्या विद्यापीठात संशोधनाची नोकरी लागली तेव्हापासून त्यांनी पाठ धरली, "त्या काकाला शोध." शेवटी पत्ता लावला फुनाबोरीत राहणाऱ्या, अंबरीषच्या ओळखीच्या कश्मिराने. तिची आई जपानी. आजोळच्या थडग्याला पाणी घालायला ती इथे आली आणि शेजारच्या दगडावर तिला जपानी अक्षरांत 'पंदारीनातो' दिसलं. दगडाला चिठ्ठी होती: वारस असल्यास कळवावे, नाहीतर हा दगड या महिन्यात काढू.

आज देवळाच्या पुजाऱ्यांनी फाटकातच विचारलं होतं, हे तुमचे कोण? अंबरीषने तोंड उघडायच्या आत हेमचंद्र पुढे झाले. "नो रिलेशन. सेम व्हिलेज, ओन्ली."

पुजारी मान लववून गेले होते, ते आता झाडू घेऊन लांब उभे होते.

"घटश्राद्ध झालेल्याला पिंड नाही की पाणी नाही," हेमचंद्र छत्री मिटत म्हणाले. "तो आपल्या कुळात नाही. दादामागे घरात मोठा मी आहे, मला ही जोखीम नको."

"आई, जाऊ दे ना," अंबरीष पुटपुटला. "काकांचं मन..."

"तू गप. त्या दगडावर दुसरं नाव कोणाचं?"

"हारुचं. पुजाऱ्यांचे वडील सांगायचे म्हणे, म्हातारपणी काठी टेकत यायची आणि नवऱ्याचा दगड धुवायची. मूलबाळ नव्हतं."

तारामतीबाईंनी पिशवीतून दुसरं पान काढलं, पहिल्याशेजारी अंथरलं, त्यावर खीर, वडे, भात वाढला. कळशी नव्हती, देवळाच्या लाकडी डावाने त्यांनी दोन्ही नावांवर पाणी सोडलं. कावळा परत आला, हारुच्या पानावरचा वडा चोचीत धरून भिंतीवर जाऊन बसला. हेमचंद्रांचा हात छत्रीकडे गेला.

"उचलून तर बघा!" तारामतीबाई कमरेवर हात ठेवून दिराकडे वळल्या. "अंबरीष, जा, पुजाऱ्यांना सांग, सून आलीय म्हणावं, दगड हलायचा नाही. आणि भावजी, तुम्ही ऐका. तुमच्या पितरांची पानं आजवर मी वाढली, तुम्ही नुसते पाटावर बसलात. तुमच्या आजोबांनी घट लवंडला, आणि ही परमुलखातली बाई मरेपर्यंत त्याच्यावर पाणी घालत राहिली. या दोघांत माझं माणूस कोण, हे मला कोणी शिकवू नका. आजपासून या नवराबायकोची पानं माझ्या घरात पडतील. तुम्हाला विटाळ वाटत असेल, तर तुमचं पान तुम्ही वेगळं मांडा. वाढायला मी येणार नाही."