निळ्या स्वेटरची परीक्षा

तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि एकटाच राहायचा. स्मृती गेलेली त्याची आई शुश्रूषागृहात होती.

"निळा स्वेटर घालून आलात की त्या तुम्हाला ओळखतात," तिथल्या नर्सबाई एकदा म्हणाल्या. त्याला बरं वाटलं, पण पडताळून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्याने वीस चिठ्ठ्या केल्या. दहांवर 'स्वेटर' लिहिलं, दहा कोऱ्या ठेवल्या. रोज सकाळी डोळे मिटून एक उचलायची आणि ती सांगेल तसं आईकडे जायचं.

वीस दिवस झाले. स्वेटर होता तेव्हा आईने त्याला चारदा ओळखलं, नव्हता तेव्हा तीनदा.

"एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो," त्याने नर्सबाईंना सांगितलं. "स्वेटरमुळे ओळखते म्हणायला पुरावा नाही."

"नसेल. पण आधी तुम्ही महिन्यातून एकदा यायचात."

तो आईजवळ जाऊन बसला.

"जेवलात का हो?" तिने परक्याला विचारावं तसं विचारलं.

"नाही अजून."

तिने अर्धं बिस्कीट त्याच्यापुढे केलं. ते संपू नये म्हणून तो अगदी सावकाश खात राहिला.