पडताळलेलं पाणी

तळ्याकाठच्या संशोधन संस्थेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्यात गंमत वाटे, कारण कामच तसं होतं. लहानमोठ्या तळ्यांचं पाणी, त्यातलं शेवाळ, मासे, तळाचा गाळ हे सगळं माणसं वर्षानुवर्षं मोजत आली होती, आणि ती मोजमापं संस्थेच्या पोर्टलवर साठवलेली होती. पोर्टल म्हणजे एक भलंमोठं कोठारच. दार कुणालाही इंटरनेटवरून उघडता येई. आत शिरणं सोपं, पण हवं तेवढंच घेऊन बाहेर पडणं महाकठीण. रोज कुणीतरी फोनवर रडकुंडीला येई, "बाई, मी एक साधी गोष्ट शोधली तर माझ्यापुढे हा एवढा ढीग आला!"

मग ती शांतपणे सांगे, "आधी तळं निवडा. निवडलंत? आता महिने. मग काय मोजलंय ते. एकावर एक चाळण लावत जायची. पीठ चाळताना आपण अख्खं पोतं एकदम उपडं करतो का?"

समोरचा हसे, आणि दहा मिनिटांत त्याचं काम होई.

चाळण्या बऱ्याच होत्या. सगळ्यांत शेवटची एक छोटीशी चौकट होती, 'फक्त पडताळलेल्या नोंदी' अशी. पोर्टल उघडलं की तिच्यात खूण आधीपासूनच केलेली असे. ती काढायची असेल तर आपण होऊन काढावी लागे. चाळणीबाई ती कधीच काढत नसे. कच्च्या आकड्यावर बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं तिचं ठाम मत होतं.

तिची थोरली नणंद तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. बाई करारी. पाण्याकाठी राहून पोरांना पोहता येत नाही हे तिला वर्षानुवर्षं खुपत होतं. यंदा तिने मनावर घेतलं, शिक्षक शोधला, काठाजवळ दोर बांधून उथळ भाग वेगळा केला. पण पालकांच्या सभेत एक सुतार उठला. त्याचा धाकटा मुलगा शाळेत होता. तो म्हणाला, "बाई, उन्हात ते पाणी हिरवं पडतं. कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही. त्यात पोरं घालायची?"

नणंदेने त्याच संध्याकाळी फोन केला.

"अगं, त्या हिरव्याचं काय असतं? विष असतं म्हणतात ते खरं का?"

"काही शेवाळांत असतं, वन्सं. सगळ्यांत नाही."

"मग तुझ्या त्या कोठारात बघ आणि सांग. माझ्या सांगण्यावर कुणी ऐकायचं नाही. तुझ्या सांगण्यावर ऐकतील. तू शास्त्रवाली."

"मी कसली शास्त्रवाली, मी कोठीवाली," ती हसून म्हणाली, आणि बोलता बोलताच तिने पोर्टल उघडलं. तळं निवडलं. उन्हाचे महिने निवडले. शेवाळाचं विष निवडलं. काठाजवळचं, वरचं पाणी निवडलं. शेवटच्या चौकटीतली खूण होतीच. पडद्यावर नोंदींची रांग आली आणि प्रत्येक आकडा धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ खाली होता.

"वन्सं, खुशाल उतरवा पोरांना."

"नक्की ना? मी सभेत तुझं नाव घेणार आहे."

"घ्या की. माझी लेक पहिली उतरेल."

आणि लेक खरोखरच पहिली उतरली. ती आत्याच्याच शाळेत होती. रोज दुपारी ओले केस घेऊन घरी येई आणि जमिनीवर पालथं पडून हातपाय मारून दाखवी. दोन-तीनदा पोट दुखतं म्हणाली, एकदा उलटी झाली. नणंदेकडे आणखी दोघांच्या घरून तशाच तक्रारी आल्या होत्या. "शिकताना पाणी पोटात जातंच. आपण काय कोरड्यात पोहायला शिकलो?" असं नणंद म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं.

मग नणंदेचा पुन्हा फोन आला. ते आकडे नुसते सांगू नकोस, म्हणाली, त्यांचा आलेख करून दे. वर्गात लावते. मुलं रोज ज्या पाण्यात जातात त्याचं मोजमाप कसं होतं ते त्यांना कळू दे.

चाळणीबाईला हे फार आवडलं. लहान मुलांना समजावं म्हणून तिने दर आठवड्याला एक ठिपका काढायचा आणि ठिपके रेषेने जोडायचे ठरवलं. काढायला बसली तर रेषा जोडेना. थंडीत ठिपके शेजारीशेजारी नीट बसले होते. ऊन वाढत गेलं तसे ते विरळ होत गेले, आणि ऐन कडक उन्हाच्या आठवड्यांत तर ठिपकाच नव्हता. मागची वर्षं काढून पाहिली. तिथेही तेच.

पाणी गोळा करणारा आणि तपासणारा रसायनतज्ज्ञ खालच्या मजल्यावर बसे. दर आठवड्याला होडीतून बाटल्या भरून आणतो म्हणून त्याला बाटलीवाले म्हणत. ती चहाचा कप घेऊन त्याच्या खोलीत गेली.

"काय बाटलीवाले, दर वर्षी उन्हाळ्यात नेमके कुठे पळता?"

"मी?" तो चष्म्यावरून बघत म्हणाला. "उन्हात काळा ठिक्कर पडलोय तो काय पंख्याखाली बसून?"

"मग तुमच्या नोंदी कुठेत? ऐन उन्हात एक नाही. आलेखाला भोकं पडलीत."

"भोकं पडतीलच कशी? ताप असला तरी मी बाटली चुकवलेली नाही. पोर्टलवर चढवलंय सगळं. नीट शोधा की. नावाला चाळणीबाई आणि आम्हालाच विचारता!"

ती हसली. "मी पडताळलेल्या नोंदी बघत होते."

तोही हसत होता, पण हे ऐकून त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"उन्हाळ्यातल्या पडताळलेल्या कशा असतील?" तो सावकाश म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "हे बघा. आपली तपासणी एका ठरावीक प्रमाणापर्यंतच विष मोजू शकते. समजा, घरातला वजनकाटा. त्याच्यावर हत्ती उभा केला तर काटा काय सांगणार? टोकाला जाऊन अडकणार. 'पुष्कळ आहे' एवढंच कळतं, किती ते नाही. मग त्या पाण्यात शुद्ध पाणी मिसळून पातळ करायचं आणि पुन्हा मोजायचं. तसं मोजलं की मगच मी नोंद पडताळली म्हणून खूण करतो. तोवर 'पडताळणी बाकी'."

"आणि पुन्हा मोजलं नसेल तर?"

"सामान कुठे येतंय वेळेवर! बाटल्या गोठवून ठेवल्यात." त्याने कोपऱ्यातल्या फ्रीजरकडे हात केला. "पण आमच्या पडद्यावर त्या बाकी नोंदी लाल रंगात दिसतात. मला वाटलं, तुम्हालाही दिसत असतील."

तिला काहीच दिसत नव्हतं. बाहेरून येणाऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. पाणी जितकं वाईट, तितकी नोंद अडकून पडलेली. आणि नोंद अडकलेली म्हणून ती चाळणीतून गळलेली. वर जे उरे ते नेहमी चांगलंच पाणी असणार, तळं कितीही बिघडो.

तिने त्याच्याच संगणकावर पोर्टल उघडलं आणि त्या चौकटीतली खूण काढली. आलेखात मोकळ्या राहिलेल्या सगळ्या आठवड्यांच्या नोंदी समोर आल्या. परवाच्या बाटलीची नोंदसुद्धा तिथे होती, शाळेच्या काठावरची. पुढे आकडा नव्हता. नुसतं लिहिलं होतं, 'मोजमापाच्या पलीकडे'.

"काय झालं?" बाटलीवाल्याने विचारलं.

"तिथे पोरं पोहताहेत," ती म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून."

तो उठला, फ्रीजर उघडून त्याने ती बाटली शोधून काढली आणि कोमट पाण्यात ठेवली. "शेजारच्या विभागाकडून सामान उसनं आणतो. संध्याकाळपर्यंत आकडा देतो."

"पोरं दुपारी उतरतात."

ती धावतच संचालकांच्या खोलीत गेली. संचालक वाईट माणूस नव्हता, सावध होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "पडताळणी झाल्याशिवाय आकडा बाहेर जाणार नाही. तो नियम तुम्हीच आग्रहाने करून घेतलात, आठवतं ना? उद्या आकडा लहान निघाला तर गावभर आपली छी-थू होईल. संध्याकाळपर्यंत थांबा."

"साहेब, आकडा माझ्याकडे नाहीच. मी आकडा सांगणारच नाही."

"मग काय सांगणार?"

"मी आधी जे सांगितलं ते चूक होतं, एवढंच."

ती त्याच्या 'हो'साठी थांबली नाही.

फोन नणंदेने पहिल्या घंटेला उचलला. मागे पोरांचा गलका होता.

"वन्सं, पोरांना पाण्यात जाऊ देऊ नका."

"अगं, टोप्या घालून रांगेत उभी आहेत. झालं काय?"

"पाणी वाईट असावं. फार वाईट."

"असावं म्हणजे? तूच म्हणालीस खुशाल उतरवा. मी भर सभेत त्या सुताराचं तोंड बंद केलं. तो बिचारा मुकाट खाली बसला. आता त्याला काय सांगू? चांगलं म्हणू की वाईट?"

"मला माहीत नाही म्हणून सांगा. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखी बोलले."

मग नणंद फोन बाजूला धरून ओरडली, "मागे फिरा! सगळे मागे! कपडे बदला!" आणि पोरांचा "आऽऽऽ" असा एक मोठा हिरमुसलेला सूर उठला.

ती पोचली तेव्हा मुलं काठावरच्या भिंतीवर बसली होती आणि पालक येऊ लागले होते. तळं शांत होतं. दोराच्या आतल्या पाण्यावर हिरवा थर होता, कुणीतरी रंग सांडून वर फुंकर मारावी तसा. लेक पळत आली.

"आई, तूच म्हणालीस ना चालेल म्हणून? मला आता तरंगता येतं. हात सोडून!"

"हो गं," ती म्हणाली.

पालकांना तिने सगळं सांगितलं. चाळणी, काटा, अडकलेल्या नोंदी, काही लपवलं नाही. कुणी ओरडलं, कुणी तिच्याकडे नुसतं बघत राहिलं. एक आजी म्हणाली, "एवढी शिकलेली बाई, आणि उरलेलं एकदा बघू नये?"

सुतार सगळ्यांत शेवटी पुढे आला. धाकट्याला त्याने कडेवर घेतलं होतं; मुलगा कडेवर बसायच्या वयाचा नव्हता, पण मान बापाच्या खांद्यावर टाकून निपचित होता. त्याचे डोळे पिवळट दिसत होते.

"दोन दिवस काही खात नाही," सुतार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसेना. "डॉक्टर पोट बिघडलं म्हणाले. आता डॉक्टरांना काय सांगू?"

"सांगा, विषारी शेवाळाचं पाणी पोटात गेलं असेल. यकृताची तपासणी आजच करायला सांगा."

"असेल, की गेलंय?"

"असेल."

"पोरगं बरं होईल ना?"

होईल म्हणणं फार सोपं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता.

"मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "मी तुमच्याबरोबर येते. डॉक्टरांशी मी बोलते."

नणंद इतका वेळ दोर सोडत पाण्याशी वाकली होती. तिने हात पुसले, गाडीची किल्ली काढली आणि सुताराला म्हणाली, "बसा मागे. पोटदुखीची आणखी दोन पोरं आहेत, त्यांनाही घेऊ." चाळणीबाई पुढच्या सीटवर बसली, तशी नणंदेने लेकीला उचलून तिच्या मांडीवर बसवलं आणि दार लावलं.

गाडी वळली. नणंदेची नजर रस्त्यावरून हलली नाही. ती म्हणाली, "बोलायचंय तुझ्याशी. आत्ता नाही."

"हो, वन्सं."

पर्समध्ये फोन वाजला. पडद्यावर बाटलीवाल्याचा नंबर होता. मागच्या सीटवरून सुतार पुढे वाकला. तिने फोन उचलला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.