दुखण्याचा कोड

‘कोस्की, रॉय.’ पडद्यावर नवऱ्याचं नाव दिसताच आर्लिसने फाईल बंद केली. घरच्या माणसाची फाईल उघडायची नाही, हा नियम. मोडला तर नोकरी गेलीच. काम वाटून देणाऱ्या यंत्रणेला मात्र कोण कोणाची बायको याचं काय सोयरसुतक! तिने वरिष्ठांना कळवलं आणि गार झालेली कॉफी तशीच प्यायली.

अमेरिकेतल्या डलूथ शहराच्या इस्पितळातून घरी गेलेल्या आणि न गेलेल्या माणसांच्या फायली वाचायच्या, विम्याच्या बिलासाठी प्रत्येक आजाराला त्याचा कोड लावायचा, यातच तिची उमर गेली. हाडं, शिरा, औषधं, सगळं तिला तोंडपाठ. रॉयला हार्ट अटॅक आला तेव्हा मात्र ती बहिणीकडे होती, बर्फाने रस्ता बंद. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला फार त्रास झाला का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले, शांतपणे गेले. असं ते सगळ्यांनाच सांगतात, हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

दुपारी टेसाचा फोन आला. या पोरीला हे कोड लावायचं काम शिकवलं ते आर्लिसनेच.

“ती फाईल माझ्याकडे आलीय गं.”

“मग कर की. मला कशाला सांगतेस?”

“जेवलीस का?”

“शेजारणींनी आणून दिलेलं हॉटडिशचं जेवण गिळतेय. फ्रीजमध्ये दुधाला जागा नाही उरली.”

टेसा हसली. आर्लिसला राहवेना.

“टेसा, छातीत दुखल्याचा कोड लावलास?”

“असं विचारायचं नसतं. तूच शिकवलंस ना?”

“शिकवलं. तरी विचारतेय.”

टेसा हळूच म्हणाली, “नाही लावला. शप्पथ. आता तरी नीट झोप, बाई.”

“बरं झालं गं,” आर्लिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हार्ट अटॅकचा कोड लावला की छातीतल्या दुखण्याला वेगळा लावत नाहीत. ते त्यातच धरलेलं असतं. टेसा नवी असताना दोन्ही लावायची, तेव्हा आर्लिसनेच तिला झापलं होतं. पोर खोटं बोलली नव्हती. आर्लिसला रडू आलं, ते तिने येऊ दिलं.

मग पुढची फाईल उघडली. कोणी म्हातारा, हार्ट अटॅकच. नर्सने लिहिलं होतं, ‘छाती धरून रात्रभर कण्हत होते.’ आर्लिसने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. अटॅकचा कोड लावला आणि ती ओळ, नियमाप्रमाणे, सोडून दिली.