खालची चिठ्ठी

मीना गायधनी नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, पण त्यांचा जीव सगळा भुंगेऱ्यांवर. एका भुंगेऱ्यापायी सख्ख्या भावाच्या लग्नातून उठून गेलेली ही बाई. एक्क्याण्णव सालापासून त्यांना हरसूलचे डोंगर दाखवले तिथल्याच पाड्यावरच्या चिमणाबाईनं. कोणता भुंगेरा कोणत्या झाडावर बसतो हे तिला तोंडपाठ. मीनाताईंनी फक्त त्यांची शास्त्रातली नावं शोधायची. आता ‘फक्त’ म्हणणंही अन्यायाचंच. त्यात त्यांची बारा वर्षं आणि डोळे गेले.

दोन हजार चार साली त्या निवृत्त झाल्या. संग्रह पुण्याच्या एका संस्थेत जायचा होता, दुपारी चारला टेम्पो येणार होता. निरोपाला चिमणाबाई एसटीनं आली. पेट्यांत टाचणीला टोचलेले भुंगेरे, प्रत्येकाखाली नखाएवढी चिठ्ठी. ती कौतुकानं वाकली.

“हे काय लिवलंय?”

“गाव, झाड, तारीख. आणि ज्यानं पकडला त्याचं नाव.”

“मंग माजं कोनतं?”

मीनाताईंनी पेट्यांवरून नजर फिरवली. सगळीकडे एकच नाव होतं, त्यांचं. मुद्दाम नव्हे, घरी येऊन लिहिताना हाताला सवयच तशी लागली होती. पण सवयीची ढाल आज पुढे करवेना. मरणाची लाज वाटली.

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं, चिमणाबाई.”

चिमणाबाईनं पिशवी उचलली आणि ती दाराकडे वळली. मीनाताईंनी तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

जुनी चिठ्ठी काढायची नाही, हा या कामातला नियम. चुकीची असली तरी ती टाचणीवर राहते. दुरुस्ती तिच्याखाली, वेगळ्या चिठ्ठीवर. म्हणजे मीनाताईंची चूक पुण्यात कायमची वाचली जाणार होती. त्यांनी फोन करून टेम्पो उद्यावर ढकलला आणि कागद कापायला घेतला.

“ह्यो ऐनावरचा, माजा. ह्यो उंबराचा, माजा.” चिमणाबाई बोट ठेवून सांगू लागली. थोड्या वेळानं मीनाताई तिच्या सांगण्याचीही वाट न बघता सरसकट तिचंच नाव लिहीत सुटल्या. पाचव्या पेटीतल्या हिरव्या भुंगेऱ्यापाशी चिमणाबाईनं त्यांचा हात अडवला.

“ह्यो नाय. ह्यो तुजा. माज्या पायात काटा मोडला व्हता, तवा तू एकलीच मोहावर चढलीस.”

मीनाताईंना ते आठवतही नव्हतं. लिहिलेली चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली, आणि पुढची लिहिण्याआधी त्या चिमणाबाईच्या बोटाची वाट बघू लागल्या.