दुसरा डाग

डाव्या छातीतली गाठ माझी मलाच लागली, आंघोळ करताना. यंत्रात दाबून फोटो काढला, सुई घालून तपासली तर वाईट निघाली. लारिसा शहरातल्या डॉक्टरीण कालिरोईबाई म्हणाल्या, लहान आहे, तेवढीच काढू, छाती राहील. बरं म्हटलं. तारीख ठरली, शेळ्या शेजारणीच्या गळ्यात घातल्या, पिशवी भरली.

मग म्हणे कापायच्या आधी अजून एक फोटो हवा. हाताच्या शिरेतून औषध सोडलं, अंगभर गरम लाट गेली, आणि यंत्रानं पुन्हा छाती दाबली, लिंबू पिळावं तशी. या औषधानं रोग उजळून दिसतो म्हणे. फोटो झाला आणि ऑपरेशन लांबलं. का, ते मला कुणी सांगेना.

आमच्याकडे दुखणं मुलांना सांगतात, दुखणाऱ्याला नाही. माझे दोघे, थ्रासोस आणि फोटिस, बाईंच्या खोलीत जाऊन आले. थोरला थ्रासोस म्हणाला, यंत्र बिघडलंय. धाकटा भिंतीकडे बघत राहिला. माझ्याच पोटची पोरं; खोटं बोलताना कोण कुठे बघतं ते मला पाठ आहे.

मी दार ढकलून आत गेले. पोरं मागोमाग धावली.

"छाती माझी की यांची?" बाईंना विचारलं.

त्यांनी फोटो दाखवला. ओळखीची गाठ होतीच, आणि तिच्या चार बोटं खाली दुसरा पांढरा डाग. आधीच्या साध्या फोटोत तो दिसलाच नव्हता. तो रोग की नुसताच डाग, हे सुई घातल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि माझे शहाणे काय सांगून आले होते? आईला कळवू नका, ती हाय खाईल, पहिली गाठ काढून मोकळ्या व्हा. बाई तयार होईनात, म्हणून सगळं अडलेलं.

थ्रासोस पुटपुटला, "आई, तुला त्रास नको म्हणून गं."

"त्रास नको? अर्धा रोग आत ठेवून घरी नेणार होतास, आणि वर आई बरी झाली म्हणून कोकरू भाजणार होतास."

सुई घातली. पुन्हा वाट बघणं आलं. तो डागही वाईटच निघाला.

बाई म्हणाल्या, "आजी, दोन्ही गाठी वेगळ्या काढून बघता येईल, पण तुमची छाती लहान, आकार फारसा राहणार नाही. शिवाय नंतर किरणांच्या उपचारासाठी काही आठवडे रोज यावं लागेल. सगळीच काढली तर किरणं बहुधा टळतील. तुम्ही ठरवा."

राग काढायचा तरी कुणावर? फोटो काढला नसता तर छाती राहिली असती, आणि तिच्यात डागही राहिला असता. यंत्राला शिव्या देऊन समाधान होत नाही, ते उलट बोलत नाही.

फोटिसनं तोंड उघडलं. मी त्याला गाडी काढायला पाठवलं.

"सगळी काढा," बाईंना म्हटलं. "आणि यापुढे जे दिसेल ते आधी मला."

गुरुवारी कापणार आहेत. असं म्हणतात. मी अजून कुणाचं खरं मानलेलं नाही.